बुधाचं गणित जमतं, पृथ्वीचं का फसतं? ग्रह कशाचे बनलेत हे काढायची पद्धत

अगस्ती
"बुध ते मंगळ खडकाचे, गुरूपासून पुढचे वायूचे" एवढ्यावर बहुतेक लेख संपतात. हे कळलं कसं, ते कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. कागद, पेन्सिल आणि घनमूळ काढणारा कॅल्क्युलेटर एवढंच लागेल.

आधी वस्तुमान. ग्रहाला उपग्रह असेल तर काम सोपं. गुरूचा आयओ ४,२१,८०० किमी अंतरावरून १.७६९ दिवसांत एक फेरी मारतो. अंतर मीटरमध्ये आणि काळ सेकंदांत घ्या (१,५२,८५० च्या आसपास येतील). अंतराचा घन गुणिले ३९.४८ (म्हणजे ४π²), भागिले काळाचा वर्ग, मग भागिले गुरुत्व स्थिरांक. उत्तर १.९ × १०^२७ किग्रॅ, म्हणजे सुमारे ३१८ पृथ्व्या.

मग आकारमान. इथे हमखास चूक होते. गुरू आणि शनी चेंडूसारखे गोल नाहीत, भोपळ्यासारखे चपटे आहेत. गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या ७१,४९२ किमी आणि ध्रुवीय ६६,८५४ किमी. नुसती विषुववृत्तीय त्रिज्या धरून गोल काढला तर घनता १.२४ येते. खरी आहे १.३३. शनीच्या बाबतीत ०.६९ ऐवजी ०.६२ येते. म्हणून त्रिज्येच्या घनाऐवजी विषुववृत्तीय त्रिज्येचा वर्ग गुणिले ध्रुवीय त्रिज्या असं घ्या. (या धाग्यात घनता सगळीकडे ग्रॅम प्रति घन सेंमी. पाणी १.)

आता मिश्रण. बुधाची घनता ५.४३. वरचा खडक ३.३ आणि आतलं लोखंड, थोडी हलकी भेसळ धरून, ७.२ माना. लोखंडाचा आकारमानातला वाटा = (५.४३ − ३.३) ÷ (७.२ − ३.३) = ०.५४६. याचं घनमूळ ०.८१७. गुणिले २४४० किमी = सुमारे १९९५ किमी. मेसेंजर यान २०११ ते २०१५ बुधाभोवती फिरलं. त्याच्या मोजणीतून गाभ्याची त्रिज्या २००० किमीच्या जरा वर निघाली. चार ओळींच्या गणिताला यापेक्षा जास्त काय हवं!

आता हेच पृथ्वीला लावा. (५.५१ − ३.३) ÷ ३.९ = ०.५६७, घनमूळ ०.८२८, गाभा ५२७५ किमी. खरा गाभा ३४८० किमी. सपशेल फसलं. कुठे फसलं ते सांगा.

काळा_कातळ
दाब विसरलात.

एकसारख्या घनतेचा गोळा धरला तर केंद्रातला दाब = ३ × गुरुत्व स्थिरांक × वस्तुमानाचा वर्ग ÷ (८ × π × त्रिज्येचा चौथा घात). बुधासाठी हा सुमारे अडीच लाख वातावरणं येतो (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब), पृथ्वीसाठी १७ लाख. दोन्ही आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी आहेत, कारण जड माल मध्याकडे गोळा झालेला असतो. पृथ्वीच्या केंद्रात प्रत्यक्षात ३६ लाख वातावरणं आहेत. तरी दोन ग्रहांमधला सातपट फरक दिसतो ना? एवढ्या दाबाखाली लोखंडही चेपतं आणि खडकही.

पृथ्वीच्या गाभ्याची सरासरी घनता ११ आहे, ७.२ नव्हे. प्रावरणाची, म्हणजे गाभ्यावरच्या खडकाच्या जाड थराची, ४.४५ आहे, ३.३ नव्हे. हे आकडे घालून बघा: (५.५१ − ४.४५) ÷ (११ − ४.४५) = ०.१६२, घनमूळ ०.५४५, म्हणजे ३४७० किमी. बसलं की नाही?

प्रावरणात नुसतं चेपणं नाही, खनिजंही बदलतात. वरच्या भागात ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन असतात. ४१० किमीच्या आसपास ऑलिव्हिनची रचना बदलून ते जास्त घट्ट होतं. ६६० किमीच्या खाली ब्रिजमनाइट नावाचं खनिज येतं. पृथ्वीत सगळ्यात जास्त प्रमाणात असलेलं खनिज हेच, आणि पृष्ठभागावर ते जवळजवळ कुठेच सापडत नाही.

जाता जाता: सह्याद्रीचा काळा कातळ हातात घेतला तर घनता २.९ च्या आसपास भरते, ग्रॅनाइटची २.७. पायाखालच्या दगडावरून ग्रहाचा अंदाज बांधू नये तो यासाठी. कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये तारेचा पीळ मोजणाऱ्या तराजूवर पृथ्वीची घनता पाण्याच्या जवळपास साडेपाचपट काढली, तेव्हाच आत काहीतरी फार जड आहे हे उघड झालं होतं.

अंशतः_ढगाळ
चंद्रावर करून पाहिलं. ३.३४ घनता, तेच ३.३ आणि ७.२. वाटा ०.०१, गाभा ३७५ किमी. ठीक वाटतंय. पण खडक ३.३५ धरला तर वाटा उणे येतो!

अगस्ती
उणे येणारच. चंद्राचा गाभा त्याच्या वस्तुमानाच्या एक-दोन टक्केच आहे, त्रिज्या साडेतीनशे किमीच्या आसपास. जिथे गाभा लहान तिथे खडकाच्या घनतेतला दुसऱ्या दशांश स्थळाचा फरकही उत्तर उलटं करतो. तुमचं ३७५ जवळ आलं हा निव्वळ योगायोग. ही पद्धत बुधाला शोभते, कारण तिथे गाभा मोठा आणि दाब कमी.

तिसरा_नियम
घनतेवर एवढं भांडण कशाला? जडत्व आघूर्ण (गोळा फिरवायला किती जड जातो याचं माप) घ्या, प्रश्न मिटला. माल सगळीकडे सारखा पसरलेला असेल तर आघूर्ण ÷ (वस्तुमान × त्रिज्येचा वर्ग) = ०.४. मध्याकडे जड असेल तर त्याहून कमी. चंद्र ०.३९३, मंगळ ०.३६४, पृथ्वी ०.३३१.

पृथ्वीचा आकडा काढायला दोन मोजमापं पुरतात. एक, कृत्रिम उपग्रहांच्या कक्षा पृथ्वीच्या फुगवट्यामुळे किती सरकतात त्यावरून मिळणारा गुणांक: ०.००१०८२६. दोन, पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीवरून (अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू घुमतो त्यावरून) मिळणारा: ०.००३२७३८. भागाकार ०.३३०७. खणायला नको, भूकंपाची वाट बघायला नको.

शर्मिष्ठा
तिसरा_नियम, मिटला नाही हो. गणित करूनच दाखवते.

दोन थरांच्या गोळ्यासाठी: ०.४ × [गाभ्याची घनता × गुणोत्तराचा पाचवा घात + प्रावरणाची घनता × (१ − तोच पाचवा घात)] ÷ सरासरी घनता. गुणोत्तर म्हणजे गाभ्याची त्रिज्या भागिले ग्रहाची.

अगस्तींचं चुकलेलं मॉडेल (७.२ आणि ३.३, गुणोत्तर ०.८२८): उत्तर ०.३५०.
काळा_कातळ यांचं बरोबर मॉडेल (११ आणि ४.४५, गुणोत्तर ०.५४५): उत्तर ०.३४६.

फरक जेमतेम एक टक्का. गाभ्याच्या त्रिज्येत १८०० किमीची चूक आणि आघूर्णाला त्याचा पत्ताच नाही! शिवाय दोन्ही उत्तरं खऱ्या ०.३३१ पेक्षा जास्त, कारण प्रावरणाची घनताही वरून खाली ३.४ पासून ५.६ पर्यंत वाढत जाते आणि आपण ती सपाट धरली. आघूर्ण "मध्याकडे जड आहे" एवढं नक्की सांगतं. मोठा पण कमी घनतेचा गाभा की लहान पण जास्त घनतेचा, हे ते एकटं सांगत नाही.

तिसरा_नियम
मान्य. गणित तपासलं, ०.३५० आणि ०.३४६ च येतात. माझं "मिटला" मागे घेतो.

काळा_कातळ
पृथ्वीचा वाद मिटवला तो भूकंपलहरींनी. १९०६ मध्ये ओल्डहॅमने वेगळा गाभा असल्याचं दाखवलं. हा माणूस भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होता, आणि आसामच्या १८९७ च्या भूकंपाच्या नोंदींवरूनच त्याने लहरींचे प्रकार वेगळे काढले होते. १९१३ मध्ये गुटेनबर्गने गाभ्याची खोली २९०० किमी ठरवली, तो आकडा आजही जवळपास तोच आहे. गाभ्याचा बाहेरचा भाग द्रव आहे हे १९२६ मध्ये जेफ्रीजने मांडलं. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, त्या तिथे अडतात. १९३६ मध्ये इंगे लेहमन यांनी द्रवाच्या आत आणखी एक घन गाभा दाखवला, त्रिज्या सुमारे १२२० किमी.

मंगळावर इनसाइट यान नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरलं. एकच भूकंपमापक, तोही डिसेंबर २०२२ पर्यंत. २०२१ मध्ये त्यावरून गाभा १८३० किमीचा निघाला. म्हणजे गाभ्याची घनता जेमतेम ६ च्या वर, आणि तेवढं हलकं करायला लोखंडात गंधक, ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन इतके मिसळावे लागत होते की ते कुणालाच पटेना. २०२३ मध्ये फेरविचार झाला: गाभ्यावर वितळलेल्या सिलिकेटचा (म्हणजे खडकाचा) सुमारे दीडशे किमीचा थर आहे आणि आधी त्याचाच वरचा काठ गाभा समजला गेला होता. गाभा आता १६५० ते १६७५ किमी, घनता वाढली, भेसळ कमी झाली.

आणि हे बघा. मंगळाला (घनता ३.९३, त्रिज्या ३३९०) दोन थरांचं गणित लावलं तर ७.२ आणि ३.३ घेऊन १८४५ किमी येतं. ६.३ आणि ३.५ घेऊन १८१५. पाककृती दोन, ताटात पदार्थ एकच. एका आकड्यावरून दोन अज्ञातं सुटत नाहीत, हे शाळेतलं बीजगणितच.

मंगळाचे दगड मात्र हाती आहेत. त्यातला एक बिहारमधल्या शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडला; अशनींच्या एका अख्ख्या जातीला त्या गावाचं नाव मिळालं. याच जातीची एक अशनी अंटार्क्टिकात सापडली, आणि तिच्या काचेत अडकलेला वायू व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला. दगड बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या दख्खनच्या कातळाचा नातलग.

अंशतः_ढगाळ
लोखंडच का पण? जड काहीतरी हवं तर शिसं का नको, निकेल का नको?

काळा_कातळ
कारण मालच तेवढा आहे. सूर्याच्या वर्णपटात आणि सगळ्यात कमी भाजल्या गेलेल्या अशनींमध्ये मूलद्रव्यांचं प्रमाण जुळतं (हायड्रोजन, हेलियमसारखे उडून जाणारे सोडून). या जातीच्या मोजक्याच अशनी पडताना पाहिल्या गेल्या: फ्रान्समधली ऑर्गेल, १८६४, ही सगळ्यात प्रसिद्ध. एक आपल्या राजस्थानातही, टोंक, १९११. हाती लागली ती ८ ग्रॅमसुद्धा नाही.

त्यांच्यातलं प्रमाण असं: १०० सिलिकॉन अणूंमागे साधारण १०३ मॅग्नेशियम आणि ८७ लोखंड. निकेल ५ च्या आसपास. शिसं कशाच्याही हिशेबात नाही.

आता घरच्या घरी पृथ्वी बनवा. मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू सोयीसाठी सारखे धरले तर त्यांना ऑक्साइड व्हायला तिप्पट ऑक्सिजन लागतो. लोखंड धातूच राहू द्या. अणुभारांनी गुणा: मॅग्नेशियम २४, सिलिकॉन २८, ऑक्सिजन ४८, लोखंड ०.८७ × ५६ = ४८.७. बेरीज १४८.७. टक्केवारी: लोखंड ३३, ऑक्सिजन ३२, सिलिकॉन १९, मॅग्नेशियम १६.

प्रत्यक्ष पृथ्वीचा अंदाज: लोखंड ३२, ऑक्सिजन ३०, सिलिकॉन १५-१६, मॅग्नेशियम १५, उरलेल्यात निकेल, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, गंधक. सिलिकॉन थोडं कमी दिसतं. त्यातलं काही गाभ्यात गेलं असावं असं मानतात, कारण गाभा शुद्ध लोखंड-निकेलपेक्षा पाच ते दहा टक्के हलका आहे आणि त्यात काहीतरी हलकं मिसळलेलं हवंच.

बुध या पाककृतीत बसत नाही. तिथे लोखंड वजनाने ७० टक्क्यांच्या आसपास. मोठ्या टकरीत वरचा खडक उडाला हे जुनं स्पष्टीकरण. पण मेसेंजरला बुधाच्या पृष्ठभागावर गंधक, सोडियम, पोटॅशियम भरपूर सापडलं. इतकं तापलं असतं तर ते टिकलं असतं का, हा आक्षेप अजून उभा आहे.

अगस्ती
बाहेरचे ग्रह वेगळे का, तेही इथेच आटपतो. सुरुवातीच्या वायूच्या तबकडीत तापमान उतरत गेलं तसा माल गोठत गेला. आधी कॅल्शियम-ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, १३०० केल्विनच्या आसपास लोखंड आणि सिलिकेट, ७०० च्या खाली गंधक लोखंडाशी जोडलं जातं, आणि १७० च्या सुमारास पाण्याचा बर्फ. ऑक्सिजन विश्वात लोखंडापेक्षा कितीतरी मुबलक असल्याने बर्फरेषेच्या पलीकडे घन माल एकदम वाढतो. गाभा दहाएक पृथ्व्यांएवढा झाला की तो आजूबाजूचा हायड्रोजन-हेलियम ओढू लागतो.

छोट्या प्रमाणावर हेच गुरूच्या चार चंद्रांत दिसतं: आयओ ३.५३, युरोपा ३.०१, गॅनिमीड १.९४, कॅलिस्टो १.८३. आतून बाहेर, खडकाकडून बर्फाकडे.

अंशतः_ढगाळ
मग गुरूवर उतरायचं म्हटलं तर पाय कुठे टेकेल? द्रव हायड्रोजनचा समुद्र असतो ना?

शर्मिष्ठा
कुठेच नाही. "समुद्र" म्हटलं की पृष्ठभाग आला, आणि तो तिथे नाही. हायड्रोजनचा क्रांतिक बिंदू ३३ केल्विन आणि सुमारे १३ वातावरणं. त्याच्या वरच्या तापमानाला वायू आणि द्रव यांच्यात सीमारेषाच उरत नाही. गुरूवर जिथे दाब एक वातावरण आहे तिथेच तापमान १६५ केल्विन. खाली जाल तसा हायड्रोजन नुसता दाट होत जातो. कुठल्याही एका क्षणी "आता द्रव झाला" असं म्हणता येत नाही.

दहा लाख वातावरणांच्या पुढे रेणू मोडतात, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि हायड्रोजन वीज वाहू लागतो. विग्नर आणि हंटिंग्टन यांनी १९३५ मध्येच हे भाकीत केलं होतं. १९९६ मध्ये लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत आघाताने दाबून १४ लाख वातावरणांना वाहक द्रव हायड्रोजन मिळाला. गुरूचा बहुतेक माल याच अवस्थेत आहे. म्हणून "वायुग्रह" हे नाव वरच्या पापुद्र्यापुरतंच खरं.

आता मोजमापं. गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी ७ डिसेंबर १९९५ ला गुरूत घुसली, वेग सेकंदाला ४७ किमी. सुमारे ५८ मिनिटं माहिती पाठवली, २२ वातावरणांच्या दाबापर्यंत. तिला काय मिळालं?

हेलियम वजनाने २३.४ टक्के, सूर्य बनला तेव्हाचा आकडा २७ च्या आसपास. निऑन सूर्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच. आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, कार्बन, नायट्रोजन मात्र सूर्याच्या दोन ते चारपट. निऑन आणि आर्गॉन दोघेही निष्क्रिय, मग एकटा निऑन कुठे गेला? याचं सगळ्यात पटणारं उत्तर हेलियमच्या पावसात आहे. धातुरूप हायड्रोजनमध्ये हेलियम नीट विरघळत नाही. थेंब होऊन खाली पडतो आणि निऑनला विरघळवून घेऊन जातो. शनी सूर्याकडून शोषलेल्या उष्णतेच्या जवळपास दुप्पट बाहेर टाकतो, त्यातही याच पावसाचा मोठा हात मानला जातो.

पाण्याचा आकडा मात्र फसला. कुपी नेमकी कोरड्या, ढगविरळ पट्ट्यात पडली. महाराष्ट्राचा पाऊस फक्त माणदेशात मोजावा तशी गत. गुरूवर पाणी सूर्याच्या प्रमाणापेक्षाही कमी, असं निघालं. जुनो यान जुलै २०१६ मध्ये पोचलं. त्याच्या सूक्ष्मलहरी मापकावरून २०२० मध्ये विषुववृत्तापाशी रेणूंपैकी सुमारे ०.२५ टक्के पाणी निघालं, म्हणजे सूर्याच्या प्रमाणाच्या जवळपास तिप्पट.

जुनोच्या गुरुत्वमापनाने गाभ्याचं चित्रही बदललं. पेढ्यावरच्या पिस्त्यासारखा वेगळा उचलता येईल असा गाभा नाही. दुधात खडीसाखर अर्धवट विरघळली की जसं होतं तसं: खडक आणि बर्फाचा माल हायड्रोजनमध्ये मिसळत मिसळत बराच वरपर्यंत पसरलेला.

तिसरा_नियम
शनीचं तर अजून भारी आहे. तिथे भूकंपमापक नाही, पण कडी आहेत! ग्रहाच्या पोटातल्या कंपनांमुळे त्याचं गुरुत्व किंचित हलतं आणि आतल्या कड्यात सर्पिल लाटा उठतात. कॅसिनी यानाने त्या मोजल्या. २०२१ च्या विश्लेषणात गाभा शनीच्या त्रिज्येच्या ६० टक्क्यांपर्यंत पसरलेला निघाला. एकूण सुमारे ५५ पृथ्व्यांचा, त्यात खडक-बर्फ फक्त १७ पृथ्व्यांएवढा, बाकी हायड्रोजन-हेलियमच.

"शनी पाण्यावर तरंगेल" हे वाक्य आता निवृत्त करा राव. ०.६९ ही सरासरी आहे.

अंशतः_ढगाळ
युरेनस, नेपच्यून? १.२७ आणि १.६४. यांना बर्फाचे म्हणतात म्हणून १.० चं पाणी आणि ३.३ चा खडक घेतला. युरेनसमध्ये १२ टक्के खडक आला.

शर्मिष्ठा
दोन घोटाळे आहेत. एक, तिथला "बर्फ" गोठलेला नाही. पाणी, अमोनिया, मिथेन यांचं गरम, दाट द्रव. खगोलशास्त्रज्ञ सवयीने बर्फ म्हणतात. लाखो वातावरणांखाली पाण्याची घनता १ राहत नाही, सहज २-३ च्या पुढे जाते. फार खोलवर ऑक्सिजनची जाळी घन आणि हायड्रोजनचे केंद्रक तिच्यातून वाहणारे, अशीही अवस्था येते; प्रयोगशाळेत तिचा पुरावा २०१८ मध्ये मिळाला.

दोन, वरचं हायड्रोजन-हेलियमचं आवरण तुम्ही धरलंच नाही. वजनाने दहा-वीस टक्केच, पण जागा भरपूर खातं. आता तीन घटक झाले आणि घनतेचा आकडा एकच. खडक जास्त घेऊन वायू वाढवला तरी १.२७ येते, बर्फ जास्त घेऊन वायू कमी केला तरी १.२७. तिथे आजवर एकच यान गेलं, व्हॉयेजर २: युरेनसला जानेवारी १९८६, नेपच्यूनला ऑगस्ट १९८९. दोन्हीकडे फक्त शेजारून गेलं. नेपच्यून लहान असूनही वजनदार, एवढं पक्कं. खडक किती आणि बर्फ किती, हे पुढचं यान कक्षेत थांबेपर्यंत लटकलेलंच.

अगस्ती
दाब विसरण्याचं टोकाचं उदाहरण आपल्याच वेधशाळेतून आलंय. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या गुरुशिखरावरून पारस वर्णपटमापकाने टीओआय-४६०३ बी हा ग्रह मोजला, २०२३ मध्ये. वस्तुमान जवळपास १३ गुरू, त्रिज्या गुरूच्या १.०४ पट. घनता १४.१. शिशाची ११.३!

अंशतः_ढगाळ
दोन थरांच्या गणितात घातलं. लोखंडाचा वाटा २.७७ आला. २७७ टक्के लोखंड!

तिसरा_नियम
बहुतेक हायड्रोजनच आहे तो. गुरूच्या पुढे वस्तुमान वाढवत गेलं तरी त्रिज्या जवळपास तिथेच अडते, कारण वाढीव वजन आतल्या मालालाच आणखी चेपतं. १३ पट माल, जागा जेमतेम १.१३ पट. १.३३ ला १३ ने गुणून १.१३ ने भागा, १५ च्या आसपास येईल. उरलेला फरक त्रिज्या सरासरी की विषुववृत्तीय, याचा. पहिल्या पोस्टमधलाच घोटाळा.